सगळ्यांचा होकार आहे, मग गोष्ट कुठे आहे?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. तुम्ही पहिली पटकथा लिहिली आहे. साताऱ्याची मुक्ता आणि तमिळनाडूतल्या कुंभकोणमचा, सध्या पुण्यात नोकरी करणारा कार्तिक. स्थळ वधू-वर सूचक केंद्रातून आलेलं, दोन्ही घरं शिकलेली, दोन्हीकडून होकार. दोन निर्मात्यांनी वाचून सांगितलं, की पूर्वार्धात काही घडत नाही आणि उत्तरार्धात नुसते इडली-पुरणपोळीचे विनोद आहेत. तुम्ही विचारता, ‘घरच्यांचा विरोध घालू का? मुलीचा जुना मित्र आणू का?’

दोन्ही नको. बावीस वर्षं मी नाटकं, मालिका आणि चित्रपट लिहितोय आणि लग्नाच्या गोष्टींनीच त्यातला निम्मा काळ खाल्लाय. तुमचे चाळीस प्रवेश दोनदा वाचले. तुमच्या गोष्टीत संघर्ष आहे, फक्त तुम्ही तो चुकीच्या दाराशी शोधताय.

प्रेमविवाहाच्या गोष्टीत आधी दोघांचं जमतं आणि मग जग आडवं येतं. तिथे प्रश्न एकच असतो, लग्न होईल का. ठरवून केलेल्या लग्नात हा क्रम उलटा असतो. जगाने दार उघडून पायघड्या घातलेल्या असतात, आत जायचं की नाही हे फक्त दोघांचं कळायचं बाकी असतं. म्हणजे ‘लग्न होईल का’ हा प्रश्न पाचव्या मिनिटाला संपला. उरतो तो दुसरा, आणि माझ्या मते जास्त नाजूक प्रश्न. तेव्हा ‘हो’ म्हणालो, तो होकार माझा होता की घराचा? पसंती कळवल्यापासून अक्षता पडेपर्यंतचे चार-पाच महिने ही तुमची गोष्ट. या काळात दोघांना एकमेकांची ओळख करून घ्यायची आहे आणि प्रत्येक भेटीला घरचं कोणीतरी ‘सहज’ हजर आहे. प्रेम चोरून करायचं असतं ते लग्नाला विरोध आहे म्हणून, हे आपण शेकडो वेळा पाहिलंय. इथे लग्न ठरलंय म्हणूनच चोरून भेटावं लागतं. या एका वाक्यावर तुमचा अख्खा पूर्वार्ध उभा राहतो.

आता दुसऱ्या संस्कृतीविषयी. तुमच्या पटकथेत तमिळ माणसं ‘अय्यो’ म्हणतात, मराठी माणसं जोरात हसतात, असं सहा वेळा आलंय. मी नवा असताना एका मालिकेत असाच शेजारी लिहिला होता. वाहिनीला तसाच हवा होता. सेटवर प्रकाशयोजनेच्या टोळीत मदुराईकडचे एक गृहस्थ होते. चित्रण संपल्यावर ते शांतपणे म्हणाले, ‘सर, आमच्या घरात असं कोणीच बोलत नाही.’ त्या दिवसापासून उच्चारांवर विनोद लिहिणं मी बंद केलं. हसू यायला हवं ते एका घराला जे इतकं उघड वाटतं की सांगायचीही गरज नाही, तेच दुसऱ्या घराला ठाऊक नसण्यातून. आणि दोन्ही बाजूंनी माणसं चांगली वागत असताना. कोणी वाईट वागलं की विनोद संपतो आणि भांडण सुरू होतं.

उदाहरण म्हणून तुमचा तारीख ठरवण्याचा प्रवेश घेऊ. तुम्ही तो दोन ओळींत उरकलाय: ‘20 डिसेंबर पक्की!’ आणि टाळ्या. अहो, ही खाण आहे! मराठी पंचांग चांद्रमासांवर चालतं, तमिळ महिने सूर्यावर. आपल्याकडे आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, लग्न नाही. तुळशीचं लग्न लागलं की बार उडायला लागतात. तमिळ घरात जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतचा आडी महिना वर्ज्य, आणि डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंतचा मार्गळीही. तो महिना देवाचा, पहाटेच्या पूजेचा, तिरुप्पावै या तमिळ भक्तिकाव्याच्या पदांचा. त्यात लग्न करत नाहीत. मुक्ताचे बाबा ज्या 20 डिसेंबरसाठी साताऱ्यातलं कार्यालय अडवून बसलेत, तो दिवस मार्गळीत पडतो.

फोन असा लिहा. बाबा उत्साहाने तारीख सांगतात. पलीकडे शांतता. कार्तिकच्या अप्पांना ‘नाही’ म्हणायचं नाहीये, मुलीकडच्यांनी आगाऊ रक्कम भरलीय हे त्यांना कळलंय. ते हळूच म्हणतात, ‘पाक्कलाम.’ कार्तिक भाषांतर करतो: ‘बघू, म्हणतायत.’

आता मराठी बैठकीत ‘बघू, कळवतो’ म्हणजे काय, हे प्रत्येक मुलीच्या बापाला ठाऊक असतं. फोन ठेवल्यावर बाबा चष्मा पुसत बसतात. आई विचारते, ‘काय म्हणाले?’ बाबा म्हणतात, ‘बघू म्हणाले.’ आई हातातली पळी खाली ठेवते. इकडे कुंभकोणमला अप्पा त्याच क्षणी रिक्षा करून ज्योतिषांकडे निघालेत, मार्गळी लागायच्या आधीचा दिवस शोधायला. दोन्हीकडे माणुसकी आहे, दोन्हीकडे अंधार आहे आणि मध्ये एकच शब्द आहे. मग वेळेचा घोळ. साताऱ्याकडे पाहुणे नोकरदार, त्यांना रविवार संध्याकाळचा गोरज मुहूर्त बरा. तमिळ घरात रविवारी 4:30 ते 6 राहुकाळ. त्यांच्याकडे मुहूर्त भल्या पहाटे, साडेसहा-सातला. साताऱ्याची आत्या विचारते, ‘सकाळी सातला लग्न? मग तयार कधी व्हायचं, आदल्या रात्री?’ तमिळ घरात याचं उत्तर सरळ ‘हो’ असं आहे. मंडळी आदल्या संध्याकाळीच कल्याणमंडपात मुक्कामाला येतात. हे उत्तर कोणीही गंभीर चेहऱ्याने दिलं की प्रेक्षक हसतात. वेगळा विनोद जोडावा लागत नाही.

भाषेकडे वळतो, कारण इथे तुमच्या हातात खरं सोनं आहे आणि तुम्ही ते एका फटक्यात उधळलंय. तमिळमध्ये ‘पाल’ म्हणजे दूध. मुक्ता पहिल्यांदा सासरी जाते, सासू प्रेमाने ‘पाल वेणुमा?’ विचारते, मुक्ता किंचाळून खुर्चीवर चढते. सगळे हसतात, प्रवेश संपतो. किंचाळणं काढा. सांगलीची काय, साताऱ्याची काय, नोकरी करणारी मुलगी नुसत्या शब्दाने खुर्चीवर चढत नाही. ती फक्त एकदा छताकडे बघते. सासू तिच्या नजरेच्या रोखाने छताकडे बघते. मग सासरे बघतात, मग कार्तिक. चौघं जण काही न बोलता छताकडे बघतायत आणि दूध निवत चाललंय. एवढंच लिहा.

पण हा शब्द तिथे सोडायचा नाही. कार्तिकला नंतर गाडीत कळतं, की ती वर का बघत होती. तो विचारतो, ‘मग पालीला मराठीत काय म्हणतात?’ ती म्हणते, ‘पालच.’ तो म्हणतो, ‘आमच्याकडे पल्लि.’ दोघं पहिल्यांदा मनापासून हसतात, आणि ही त्यांची पहिली गोष्ट जी घरच्यांना सांगायची नाही असं दोघांनाही न बोलता ठरल्यासारखं वाटतं. तिसऱ्यांदा हा शब्द येईल तेव्हा त्यांच्यात अबोला असेल. मोठं भांडण नाही, तिने बदलीविषयी विचारलेल्या प्रश्नाला त्याने ‘आईशी बोलून सांगतो’ म्हटल्यामुळे आलेला. रात्री उशिरा तिच्या फोनवर एका भिंतीचा फोटो येतो, ट्यूबलाइटशेजारी एक पाल. खाली लिहिलेलं, ‘वेणुमा?’ म्हणजे, ‘हवंय का?’ बास. शब्द जेव्हा सगळ्यांच्या हसण्याचा न राहता दोघांच्या मालकीचा होतो, तेव्हा प्रेक्षकाला प्रेम दिसतं. तोवर तुम्ही कितीही गाणी घाला.

असे शब्द आणखी आहेत, मात्र सगळे वापरू नका, दोन-तीन पुरेत. ‘तंबी’ म्हणजे तमिळमध्ये धाकटा भाऊ, आपल्याकडे तंबी देतात. ‘वा’ म्हणजे ये, आपल्याकडे दाद. ‘कल्याणम्’ म्हणजे लग्नच. मुक्ताच्या भावाला मुंबईच्या गाडीत ‘कल्याण कधी?’ असं कोणी विचारलं, तर तो पुढचं स्टेशन सांगेल.

मला मात्र सगळ्यात प्रिय आहे तो ‘मामंजी’ हा शब्द. आपल्या आज्या सासऱ्यांना मामंजी म्हणायच्या आणि सासूला आत्याबाई. तमिळमध्ये सासरे म्हणजे ‘मामनार’ आणि सासू ‘मामियार’. हा योगायोग नाही. मामाची मुलगी करणं दोन्हीकडे चालत आलेलं आहे, म्हणून मामाच सासरा होतो. इरावती कर्वे यांनी 1953 सालच्या आपल्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात नातेसंबंधांच्या बाबतीत महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिण यांच्या मधला प्रदेश कसा आहे, हे मांडलंय. उत्तरेत मामेबहिणीशी लग्न म्हणजे पाप, दक्षिणेत तिच्यावर पहिला हक्क, आणि आपण मध्ये. तुमच्या मुक्ताच्या आजीला हा ग्रंथ माहीत असायची गरज नाही. ती फक्त नातीला सांगेल, ‘अगं, मामंजी म्हण त्यांना.’ मुक्ता संकोचत म्हणते आणि अप्पा चमकून वर बघतात, कारण त्यांना तो शब्द समजलाय. दोन महिने दुभाष्यामार्फत बोलणाऱ्या माणसाला सुनेच्या तोंडून कळलेला हा पहिला शब्द असेल. तिथे पार्श्वसंगीत नको.

नावांचंही बघा. वधू-वर सूचक केंद्राच्या फॉर्मवर ‘आडनाव’ हा रकाना आहे आणि कार्तिकला आडनावच नाही. ‘एस. कार्तिक’ मधला ‘एस’ वडिलांचा, सुंदरम्‌चा. मुक्ताच्या काकांना वाटतं, मुलगा काहीतरी लपवतोय! आणि उखाणा? ‘अहो’ म्हणणाऱ्या पिढीसाठी नाव घेणं हा लाजण्याचा सोहळा आहे. तमिळ बायकाही नवऱ्याचं नाव घेत नसत, ‘एन्नंगा’ म्हणत, म्हणजे आपलं ‘अहो’च. त्यामुळे मुक्ता सगळ्यांसमोर ठसक्यात उखाण्यातून नाव घेते, तेव्हा तमिळ बायका आधी दचकतात, मग कार्तिकची आत्या हळूच पुढे सरकते आणि खुणेने विचारते: मी घेऊ? पन्नाशीची बाई आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत नवऱ्याचं नाव घेते. हा प्रवेश तुमच्या नायिकेचा नाही तरीही तो ठेवा.

दोघांनी आपसांत कुठली भाषा बोलावी, असंही तुम्ही विचारलंय. इंग्रजी आणि मोडकं हिंदी, हेच खरं आहे, तेच लिहा. परक्या भाषेत माणूस सभ्य असतो. राग आला की तो आपल्या भाषेत येतो आणि माया आली की समोरच्याच्या भाषेत चुकतो. हा आलेख मनात ठेवलात तर संवाद आपोआप सुधारतील. सुरुवातीच्या तमिळ संवादांना खाली मराठी ओळी देऊ नका. प्रेक्षक मुक्ताच्या शेजारी बसलेला असू दे, तिला कळतं तेवढंच त्यालाही कळू दे. ओळी सुरू करा त्या तिला भाषा कळायला लागल्यावर.

तुमची दोन्ही घरं ब्राह्मण आहेत, पण ती तशी का आहेत हे पटकथेत कुठे जाणवत नाही. जणू तमिळ म्हटलं की अय्यर हे ठरलेलंच. निवड करून तसं ठेवत असाल तर हरकत नाही. पण एकदा थांबून विचार करा. तमिळनाडूत पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीतून आलेला ‘सुयमरियादै’, म्हणजे स्वाभिमान विवाह आहे, पुरोहिताशिवाय, हारांच्या साक्षीने. 1967 साली हिंदू विवाह कायद्यात त्या राज्यापुरती दुरुस्ती करून त्याला मान्यता दिली गेली. आपल्याकडे 1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि पुरोहिताविना लग्नं लावायला सुरुवात झाली. एका घराची आजी सुयमरियादै पद्धतीने लग्न झालेली आणि दुसऱ्या घराचे पणजोबा सत्यशोधक, आणि आजचे आई-बाप मात्र चार दिवसांचा थाट मांडायला निघालेले, अशी जोडी मला कोणी दिली तर मी उद्या लिहायला बसेन. ती वेगळी पटकथा होईल, हे मान्य.

आहे तीच घरं ठेवायची असतील तर तुमच्याकडे एक हुकमी प्रवेश आहे, जो तुम्ही लिहिलेलाच नाही. तमिळ ब्राह्मण लग्नात मुहूर्ताआधी काशीयात्रा असते. नवरदेव छत्री, काठी, पंचा घेऊन ‘मी संसार सोडून काशीला चाललो’ म्हणून निघतो आणि मुलीचे वडील त्याची समजूत घालून परत आणतात. आता तुमची आजी साताऱ्याची. सज्जनगडाच्या पायथ्याशी आयुष्य गेलेली. बोहल्यावर ‘सावधान’ ऐकून पळून गेलेल्या नारायणाची, म्हणजे समर्थांची गोष्ट तिने शंभरदा सांगितलेली. तिला काशीयात्रेबद्दल कोणी सांगितलेलं नाही, प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. पहाटेची वेळ. आजी गुडघे चोळत खुर्चीत बसलीय, आणि तिला दिसतो नवरा मुलगा, छत्री उघडून, मंडपाच्या दाराबाहेर चाललेला. मुक्ताचे बाबा अजून फेटा बांधून घेतायत. आजीचा चेहरा बघा. ती उठते. अनवाणी. गुडघ्यांचं दुखणं विसरून.

तिला तीनच पावलांत आठवतं की हे आपल्याकडेही आहे, मुंजीत. सोडमुंजीला बटू काशीला निघतो आणि मामा ‘माझी मुलगी देतो’ म्हणून त्याला अडवतो. पण तोवर तिने कार्तिकचा हात धरलेला असतो. भीती ओसरलीय, हात सुटत नाही. आणि ती मुंजीतलंच बोलते, ‘फीर मागे, माझी पोर देते तुला.’ कार्तिकला आता तेवढं मराठी येतं. बाबा अर्धवट फेट्यानिशी धावत येतात, त्यांचं काम होऊन गेलेलं आहे. हसू आणि डोळ्यांत पाणी एकाच वेळी आणायचं तर असं, दोन्ही परंपरा आतून माहीत असल्यावरच.

एक माहितीची दुरुस्ती. तुमचे बाबा एका प्रवेशात म्हणतात, की कायद्यासाठी दोन्ही पद्धतींनी लग्न लावावं लागेल. तसं नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या 7 व्या कलमानुसार दोघांपैकी कोणत्याही एका पक्षाच्या रीतीने लग्न लागलं तरी पुरतं. म्हणजे मंगलाष्टकांचा हट्ट बाबा कायद्यासाठी धरत नाहीत. मुलगी आपल्या अक्षतांनी सासरी जावी एवढंच त्यांना हवंय. ते त्यांना तसं म्हणू द्या, कायद्याआड लपवू नका.

मध्यंतरानंतर दोन्ही कुटुंबं तंजावरला जातात, तिथे तुम्ही गाणं ठेवलंय. गाणं ठेवा, पण देवळाची भिंतही दाखवा. बृहदीश्वराच्या आवारात दुसऱ्या सरफोजींनी 1803 साली कोरवून घेतलेला भोसल्यांचा लांबच लांब मराठी इतिहास आहे. तंजावरला 1855 पर्यंत मराठी गादी होती. तिथलेच शहाजीराजे, 1684 ते 1712 या काळातले, मराठीत नाटकं लिहीत होते आणि त्यातल्या एकाचं नाव आहे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’. कल्याण म्हणजे लग्न, तमिळ अर्थाने! त्यांच्याच ‘पंचभाषाविलास’मध्ये वेगवेगळ्या प्रदेशांतल्या राजकन्या आपापल्या भाषेत बोलतात आणि सगळ्यांना कृष्णाशी लग्न करायचं असतं. तुम्हाला निर्माते ‘हा विषय नवा आहे, चालेल का’ विचारतात ना, त्यांना हे सांगा. साताऱ्याची आजी त्या भिंतीवरून बोट फिरवते आणि अप्पा तिच्यासाठी ऊन अडवून उभे राहतात, एवढाच प्रवेश लिहा. व्याख्यान कोणाच्याच तोंडी घालू नका.

शेवट. तुम्ही मुक्ताला बोहल्यावर दीड पानी भाषण दिलंय. काढून टाका. तमिळ लग्नात ताली, म्हणजे मंगळसूत्र, बांधायच्या क्षणी ‘गेट्टिमेळम, गेट्टिमेळम’ अशी हाक उठते आणि नादस्वरम-तविल इतक्या जोरात वाजतात, की कुठलाही अशुभ आवाज कानावर पडू नये. चार महिने या दोघांना जेमतेम दोन वाक्यं एकांतात बोलता आली. आता चारशे माणसं बघतायत आणि कोणालाही काही ऐकू येत नाहीये. हाच त्यांचा खरा एकांत. कार्तिक पहिली गाठ मारायला वाकतो, त्याचा कान तिच्या ओठांपाशी येतो. मागे उरलेल्या गाठींसाठी त्याची बहीण उभी आहे, तिलाही ऐकू येत नाही. मुक्ता काहीतरी बोलते. प्रेक्षकांनाही ऐकू येणार नाही, पण ओठांच्या हालचालीवरून शब्द ओळखता येईल, कारण तो त्यांच्यासमोर आधी तीनदा आलेला आहे. कार्तिक गाठ मारता मारता छताकडे बघतो.

कॅमेरा तिथेच ठेवा आणि वाद्यं थांबायच्या आत कापा.